खाली काहीच वाजत नाही

लाइट गेली होती आणि महमूदला ते कळलंच नव्हतं. ऑक्टोबरातली, अंगाला चिकटणारी दुपार. आपल्या यंत्रमागांच्या कारखान्यात सात नंबरच्या लूमपाशी उभा राहून तो अय्यूब जॉबरला धोटा बदलायला सांगत होता. सांगत होता म्हणजे ओठ हलवत होता. भिवंडीत कारखान्यात शिरताना माणूस आपला आवाज चपलांबरोबर बाहेर ठेवतो. आत ओठ मोठे करायचे, हातवारे करायचे आणि समोरच्यानं ते वाचायचं. लूमची दुरुस्ती करत आयुष्य गेलेल्या अय्यूबला तर ते वाचायला बघावंही लागत नसे. पण आज तो बघत राहिला, मग हसला, आणि मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं. “सेठ,” तो म्हणाला, “लाइट तो कब की गयी. मुँह से बोलो ना.” हे आपल्याला ऐकू आलं की ओठांवरून कळलं, ते महमूदला नंतर कितीही आठवून ठरवता आलं नाही. त्यानं मान वळवून पाहिलं. बाराही लूम उभे होते. पट्टे लोंबत होते, पंख्याची पाती मोजता येत होती, सुताच्या कांड्या भरणारी द्रौपदी उंबऱ्यावर बसून पदरानं वारा घेत होती. आणि त्याच्या डोक्यात बाराही लूम चालू होते. खटाखट, खटाखट, मध्ये सात नंबरचा तो जरा लंगडा ठोका, सगळं जिथल्या तिथं. “मालूम है मेरे को,” तो उगाच ओरडून म्हणाला. द्रौपदी दचकली. तो बाहेर येऊन मोरीपाशी उभा राहिला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

थोड्या वेळानं लाइट आली. खरे लूम सुरू झाले आणि आतल्या आवाजावर असे नेमके बसले की कुठला कुठला हे सांगता येईना. दुसरा एखादा असता तर चहाबरोबर हे गिळून मोकळा झाला असता. कान आहेत, वय चाळिशीला आलंय, बापाच्या वेळेपासून घराच्या भिंतीला लागून कारखाना आहे, थोडंफार होणारच. बाप गुलाम हुसेन शेवटी शेवटी एवढा बहिरा झाला होता की मस्जिदीत बाजूच्याचं बघून रुकूला वाकायचा, आणि घरात सगळे त्याला हसायचे; महमूदही हसायचा. पण ही दुपार महमूदला सोडेना. कारण जानेवारी जवळ आला होता, आणि जानेवारीत तो आणि रामदास समुद्राखाली जाणार होते.

कोणाला सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं, म्हणून बायको इशरतशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. रामदास बँकेत होता. दोघे मराठी शाळेत एका बाकावर बसलेले, आणि बाई भूगोल शिकवताना ‘कंकणद्वीप’ म्हणाल्या तेव्हा दोघांनी एकाच वेळी वहीत बांगडी काढून तिच्या आत ‘शांत पाणी’ असं लिहिलेलं. रामदासला बँकेकडून काही वर्षांनी एकदा प्रवासभाडं मिळे. बाकीचे लोक ते घेऊन कन्याकुमारीला जात, उटीला जात, टोप्या घालून फोटो काढत. रामदासनं ठरवलं लक्षद्वीप. कोचीनहून बोट, बेटावर जायचा परवाना, पाठीवर हवेची टाकी बांधून खाली नेणारे लोक, कानात पाणी दाबलं तर नाक धरून हवा कशी फुंकायची, हे सगळं त्यानं पत्रं पाठवून, लोकांना विचारून जमवलं होतं. वळगावच्या रस्त्याला, जिथं भाताच्या खाचरांवर एकामागून एक गोदामं चढत होती, तिथं त्याच्या गच्चीवर दोघे रविवारी नकाशा पसरून बसत आणि बांगडीसारख्या बेटांची नावं वाचत. रामदासला मासे बघायचे होते, प्रवाळ बघायचं होतं, बँकेतल्या लोकांना नंतर सांगायचं होतं. महमूदला त्यातलं काहीच नको होतं. त्यानं एकच गोष्ट धरून ठेवली होती. रामदास एकदा इंग्रजी मासिकात वाचून म्हणाला होता, “खाली कायच वाजत न्हाय, महमूद. मोठा मासा अंगावरनं गेला तरी वाजत न्हाय. आपला श्वास, बस.” त्यानंतर महमूद पोहायला शिकला. या वयात, लुंगी कमरेला खोचून, गणेशपुरीला तानसा नदीच्या पाण्यात, आश्रमात आलेले गोरे लोक काठावरून बघत असताना.

शांतता म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, आणि तीच तर अडचण होती. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात दंगलीत गाव पेटलं आणि कर्फ्यू लागला. सगळ्या भिवंडीतले लूम एकदम बंद पडले ते कितीतरी दिवस तसेच राहिले, आणि त्या पोकळीत कुत्री, जळक्या सुताचा वास आणि दूरवर कुणाचं तरी रडणं एवढंच उरलं. लग्नाला वर्षच झालेलं. इशरत हर्णैच्या बाजूची, खाडीकाठच्या गावातली. लग्न होऊन आली तेव्हा हळू बोलायची म्हणे, पण महमूदनं ते कधी ऐकलंच नव्हतं, कारण या घरात पहिल्या दिवसापासून ओरडूनच बोलावं लागे. कर्फ्यूत ती कुजबुजायला लागली. कुजबुजावंच लागे, दिवा लावायचा नाही, खिडकी उघडायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. ती त्याच्या कानाशी तोंड आणून बोले. ओहोटीला कालवं काढायला गेल्यावर पाय कसे कापतात ते, तिच्या जुबैदा बुबूनं, थोरल्या बहिणीनं, तिला होडीत बसवून कसं घाबरवलं होतं ते. तो आवाज जरासा खरखरीत होता, आणि शब्दाच्या शेवटी विझायचा. महमूद भीतीनं गार पडलेला असायचा आणि त्याच वेळी इतका सुखात असायचा की त्याला स्वतःची लाज वाटायची. बाहेर माणसं मेली होती आणि त्याला वाटत होतं, कर्फ्यू उठू नये. मग कर्फ्यू उठला, लूम लागले, तो आवाज गेला. तेव्हापासून भिवंडीत शांतता झाली की त्याला कर्फ्यूच आठवे. शुक्रवारी लूम बंद असत, पण ती शांतता तो नीट घेऊच शकत नसे. कुठं काही झालं तर नाही, हे तो आधी गल्लीत डोकावून बघे. त्याला अशी एक जागा पाहिजे होती की जिथं शांतता असेल आणि कोणी मेलेलं नसेल. आणि एकदा ती जागा बघून आलं की परत येऊन इशरतला, अगदी कुठं तरी बाहेर नेऊन का होईना, हळू बोलायला सांगायचं, असं त्याच्या मनात होतं. हे त्यानं रामदासलाही सांगितलं नव्हतं. असलं काही पुरुषानं पुरुषाला सांगायचं नसतं.

खाली जायला कानाच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागणार होतं. लाइटची ती दुपार झाल्यावर तो ते काम पुढं ढकलत राहिला. रामदासनं शिव्या घातल्या तेव्हा ठाण्याला गेला. नौपाड्यात एका जिन्यावर डॉक्टरचा दवाखाना. आधी एका मुलीनं त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना आतून जाड काहीतरी लावलेलं, दार लावलं की हवासुद्धा अंगाला दाबल्यासारखी. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. महमूद बटणावर अंगठा ठेवून बसला. काचेपलीकडे मुलगी खाली मान घालून काही फिरवत होती, वर बघत होती, परत फिरवत होती. तो वाट बघत होता. त्याला वाटलं, आधी ते बाहेरचं बंद होऊ दे, मग यांचा आवाज येईल. बराच वेळ झाला तेव्हा त्यानं हेडफोन काढून दार ढकललं आणि विचारलं, “बाजूला कोणाचा कारखाना आहे? जरा पाच मिनिटं बंद ठेवायला सांगता का?” मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत अय्यूबच्याच नजरेसारखं काहीतरी होतं. “काका, हे नौपाडा आहे,” ती म्हणाली. “इथे कुठले कारखाने?”

डॉक्टर माणूस आनंदी होता. कानात उजेड टाकून त्यानं दोन्ही पडदे पाहिले आणि शाबासकी दिल्यासारखा म्हणाला, “पडदे एकदम छान. पोरांनासुद्धा नसतात असे. डायव्हिंगला माझी काही हरकत नाही. जाऊन या.” त्यानं लगेच लिहायलाही घेतलं. महमूद समोर बसून त्या पेनकडे बघत होता. इतक्या सहज परवानगी मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि ती मिळताना आपल्याला आनंद होत नाही, हेही त्याला दिसत होतं. डॉक्टरनं वर बघून विचारलं, “तो आवाज किती वर्षं आहे?”

“कुठला आवाज?”

“आत्ता येतोय तो.”

“ते लूम आहेत,” महमूद म्हणाला.

“पडदा धडधाकट आहे, आतली नस गेलीय,” डॉक्टर म्हणाला. “नस गेली की ती स्वतःच आवाज करत बसते. याला औषध नाही. सवय करून घ्यायची.”

“पाण्याखाली?”

“तिथे जास्त जाणवेल. बाहेरचं जेवढं कमी, तेवढं हे जास्त.” मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो मायेनं हसला. “अहो, मासे बघायला चालला आहात ना? मासे बघायला कान कशाला लागतात?”

सर्टिफिकेट हातात घेऊन तो एसटीत बसला. त्याला डॉक्टरचा राग आला होता, आणि राग येण्यासारखं त्या माणसानं काही केलं नव्हतं, म्हणून जास्तच आला होता. डॉक्टरनं जाऊ नका म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मग ती बांगडी आणि तिच्यातलं शांत पाणी तिथंच राहिलं असतं, आपल्याला जाता आलं नाही एवढंच दुःख झालं असतं, आणि तसलं दुःख माणूस बाळगू शकतो. आता रस्ता मोकळा होता आणि पलीकडे काही नव्हतं. खाडीचा पूल ओलांडला, गोदामं सुरू झाली, राहनाळच्या फाट्याला हमालांचा घोळका चढला. ते हसत होते, काहीतरी बोलत होते. महमूद त्यांचे ओठ वाचत बसला. तो तसाच रामदासकडे गेला, आणि रामदासनं सर्टिफिकेट पाहून त्याला मिठी मारली. कौसल्या वहिनीनं, रामदासच्या बायकोनं, शिरा केला होता. महमूदनं शिरा खाल्ला आणि आवाजाची गोष्ट स्वतःपाशीच ठेवली. डॉक्टर चुकतही असतील, एवढीच एक चिंधी त्यानं मनात धरून ठेवली होती.

पुढच्या रविवारी ते गणेशपुरीला गेले. रामदासनं मुंबईहून पाण्यात डोळ्यांवर लावायचा चष्मा आणला होता. पाऊस संपून नदी निवळली होती, आणि वरच्या अंगाला एक डोह होता, खडकांनी तीन बाजूंनी अडवलेला. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी स्तब्ध सकाळ, असं रामदास म्हणाला. रामदासनं त्याचं मनगट धरलं आणि दोघे खाली गेले. हिरवट उजेड, गोट्यांवर सूर्याच्या जाळ्या, बोटाएवढे मासे अगदी चष्म्यापाशी येऊन थबकणारे. महमूदनं छातीत हवा धरली आणि ऐकलं. आधी काही नाही. एक क्षण, खरंच काही नाही, आणि त्याचं काळीज आनंदानं वर आलं. मग एकेक करून ते लागले. एक नंबर, दोन नंबर, भिंतीकडचे चार, सात नंबर लंगडत. कारखान्यातसुद्धा ते इतके स्पष्ट नव्हते. तिथं निदान एकमेकांत मिसळायचे. इथं प्रत्येकाचा ठोका वेगळा, स्वच्छ, पाण्यानं धुऊन काढल्यासारखा. तो ऐकत राहिला. छाती फुटायला आली तरी ऐकत राहिला, कारण त्याला वाटत होतं की अजून थोडं थांबलं तर ते थकतील. ते थकले नाहीत. रामदासनं त्याला ओढून वर काढलं.

“येडा हायस काय?” रामदास धापा टाकत ओरडला. “किती येळ? मी हात दाबतोय, दाबतोय!” मग त्याचा चेहरा उजळला. “काय ऐकलंस? सांग ना. वाजतं काय?”

“न्हाय,” महमूद म्हणाला. “कायच न्हाय.”

“बघ! मी म्हनलो न्हवतो?” रामदासनं पाण्यावर थाप मारली. महमूदला त्याच्याबद्दल खूप प्रेम वाटलं आणि त्याच्यापासून लांब जाऊन बसावंसं वाटलं. त्यानं नाकातलं पाणी शिंकरलं आणि कपडे घातले.

शुक्रवारी नमाज पढून तो घरी आला तेव्हा इशरत मागच्या ओट्यावर मांदेली साफ करत बसली होती. जमिला, त्यांची मुलगी, नऊ वर्षांची, पायरीवर बसून चित्रं रंगवत होती. मांजर परातीभोवती फिरत होतं. लूम बंद होते. म्हणजे बंद असणार, शुक्रवार होता. महमूदला बोलायचं नव्हतं, पण ते आतून इतकं दाटलं होतं की मांदेलीच्या वासात आणि उन्हात उभ्या उभ्याच ते बाहेर पडलं.

“इशरत, लूम बंद असले तरी तुला वाजतात काय कधी? कानात?”

तिनं मान वर केली. श्वास घेतेस काय, असं कोणी विचारल्यासारखी ती बघत होती. “वाजतात की,” ती तिच्या नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली. “जमिला झाली त्याच्या आदीपासनं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“काय बोलायचं? मला वाटलं समद्यांनाच वाजतात. भिवंडीत कोनाला न्हाय वाजत?” ती पुन्हा मासे साफ करायला लागली आणि मग हात थांबवून म्हणाली, “गेल्या सालात मी बुबूकडं ऱ्हायला गेले न् लगेच परत आले, तुमाला याद हाय? तुमी म्हनालात, बहिनीशी भांडलीस. भांडन कसलं! तिकडं बाहेर कायच न्हाय वाजत, तर हे आतलं समदं घर भरून वाजाय लागलं. दर्यावर जाऊन बसले, लाटा दिसतात न् ऐकाय लूम येतात. डोकं फुटाय लागलं. हिकडं बरं. हिकडं बाहेरचं वाजतं, त्यात आतलं लपतं.”

महमूद ओट्याच्या कडेवर बसला. इतकी वर्षं तो तिच्यासाठी एक जागा शोधत होता, आणि ती तिथं जाऊन, घाबरून, परत आली होती. आणि हे तिनं मिठाच्या बरणीबद्दल बोलावं तसं सांगितलं. तो आवाज, शब्दाच्या शेवटी विझणारा, तो तिच्याकडे अजून असेलही. पण ती तो काढणार कुणासाठी आणि ऐकणार कोण? त्याला तिचा हात धरावासा वाटला, पण हाताला खवले होते आणि पोर समोर बसली होती. दोघांचीही नजर एकाच वेळी पोरीकडे गेली. इशरतच्या हातातलं मांदेलं परातीत पडलं.

“जमिला,” महमूद म्हणाला. “आता तुला काय काय ऐकू येतंय ते सांग बघू.”

जमिलाला वाटलं खेळ आहे. तिनं डोळे घट्ट मिटले. “मोरीतला नल गलतोय,” ती म्हणाली. “कावला हाय, पन लांब. मस्जिदीकडं कोन तरी खोकतंय, म्हातारा हाय. कुनाच्या तरी घरात कुकर. आनि…” ती थांबली, मान तिरकी केली, “आनि मांजर पानी पितंय.”

महमूदनं वळून पाहिलं. मांजर खरोखरच बादलीपाशी बसून, डोळे मिटून, जिभेनं पाणी उचलत होतं. त्याला ते ऐकू आलं नाही. त्यानं इशरतकडे पाहिलं आणि तिनंही नाही अशी मान हलवली.

“आनि लूम?” त्यानं विचारलं.

“अब्बा, आज जुम्मा हाय ना,” जमिला डोळे उघडून हसली. “लूम कसे वाजतील?”

“हिला न्हाय ठेवायची हिकडं,” इशरत म्हणाली. ती ओरडूनच म्हणाली, तिला दुसरं येत नव्हतं, आणि ओरडता ओरडता रडायला लागली. घर बदलून काही होणार नव्हतं. गावात अशी गल्ली नव्हती जिथं भिंतीपलीकडे लूम नव्हते. लूम बंद करून काही होणार नव्हतं. ते बंद केले तर खायचं काय, आणि शेजारचे थोडेच थांबणार होते. जुबैदा बुबू एकटी होती, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि तिच्या गावात शाळा होती. हे सगळं त्यांनी मोठमोठ्यानं बोलून ठरवलं, आणि जमिलानं पायरीवर बसून ते सगळं ऐकलं. या घरात पोरांपासून काही लपवता येत नाही. तिनं एकदाच विचारलं की रंगपेटी नेता येईल का.

रामदासला सांगायला महमूद संध्याकाळी गच्चीवर गेला. नकाशा पसरलेलाच होता. “मी न्हाय येत,” तो म्हणाला. रामदास आधी हसला, मग चिडला, मग नकाशाची घडी घालायला लागला आणि ती त्याला जमेना. “सर्टिफिकेट मिलालं तुला. पोवाय आलं. मग आता काय झालं? कारन तरी सांग!”

“मला खाली वाजतं, रामदास. डोहात पन वाजत होतं. मी तुला खोटं सांगितलं.” मग त्यानं त्याला सगळं सांगितलं, काचेची खोली, इशरत, मांजर. कर्फ्यूतलं मात्र नाही सांगितलं. रामदासनं अर्धवट घडी घातलेला नकाशा मांडीवर ठेवला. “मंग मी एकला जाऊन काय करू?” तो म्हणाला. “जा तू,” महमूद म्हणाला. “कौसल्या वहिनीला घेऊन जा. आनि आल्यावर मला सांग.” “काय सांगू? काय काय वाजलं न्हाय ते?” यावर दोघे हसले, आणि त्या हसण्यानंच दोघांना जास्त वाईट वाटलं. खालून कौसल्यानं चहाला हाक मारली; रामदासनं ती ऐकली आणि महमूदला खुणेनं सांगितली. रामदासलाही आता खुणा कराव्याशा वाटायला लागल्या, हे महमूदच्या लक्षात आलं.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत तो जमिलाला घेऊन निघाला. इशरत आली नाही. “मला न्हाय जमायचं तिकडं,” ती म्हणाली, आणि जमिलाच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की पोरीच्या भुवया वर गेल्या. गाडीत जमिला सगळं ओरडून विचारत होती; आपली खाडी मोठी का तिकडचा दर्या, जुबैदा खाला मारते काय, तुमी कधी येनार. लोक मागं वळून बघत. कारखान्यातल्या घरातली पोर, आवाज तिलाही बेताचा येत नव्हता. महमूद तिला हळू बोल म्हणाला नाही. हळू बोलली असती तर त्याला ऐकू आलं नसतं.

जुबैदाचं घर खाडीपासून आत, माडांच्या गर्दीत होतं. गाड्यांचा रस्ता लांब होता. वारा पडलेला. जुबैदा दारात येऊन काहीतरी म्हणाली आणि महमूद जागच्या जागी थांबला. तिचे ओठ फारसे हलत नव्हते. ती हळू बोलणारी होती. बहिणी होत्या त्या. तो आवाज तोच असणार, तसाच खरखरीत, शेवटी विझणारा. त्यानं कान पुढं केला, जुबैदानं परत सांगितलं, आणि त्याला फक्त सात नंबर ऐकू आला. “पाय धुवा म्हनते खाला,” जमिला मोठ्यानं म्हणाली. त्यानं पाय धुतले.

रात्री तो पडवीत झोपला आणि जमिला आत जुबैदापाशी. सकाळी तिचे डोळे लाल होते. जुबैदानं खुणांनी आणि थोडं ओरडून सांगितलं की पोर झोपलीच नाही, उठून उठून बसत होती. शाळेत नाव घालून झालं, सुट्टी असूनही ते लिहून घेणारे मास्तर चांगले होते. जेवण झालं. भिवंडीची गाडी दुपारनंतरची. खाटेवर पडलेल्या जमिलाला झोप अनावर झाली होती, आणि तरी ती डोळे ताणून छपराकडे बघत होती. महमूद तिच्यापाशी बसला.

“झोप की.”

“न्हाय येत झोप,” ती म्हणाली. “अब्बा, हिकडं कायच वाजत न्हाय. मला भीती वाटते. समदे मेलेत असं वाटतं.”

महमूदनं दारातून बाहेर पाहिलं. हीच तर ती जागा होती. इथं माड होते, खाडीचं स्थिर पाणी होतं, आणि कोणी मेलेलं नव्हतं. तिला हे समजावता आलं असतं तर त्यानं समजावलं असतं. त्यानं तिच्या कपाळावरून हात फिरवला, तिची वेणी सैल केली, आणि मग, न ठरवता, खाटेच्या कडेच्या लाकडावर दोन बोटं आपटायला सुरुवात केली. खटाखट, खटाखट. आठवायची गरज नव्हती. आत जे चालू होतं ते बोटांतून सोडलं की झालं. जमिलाची मान उशीत रुतली. तिनं कूस बदलली, तोंड लाकडाकडे केलं, आणि तिचा श्वास लांब होत गेला. त्यानं बोटं थांबवून पाहिली. पापण्या लगेच थरथरल्या. तो पुन्हा वाजवायला लागला. आपण तिला कशापासून लांब आणलं आणि आता स्वतःच्या हातानं काय देतो आहोत, हे त्याला कळत होतं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात थांबवणं त्याच्यानं होईना.

जुबैदा दारात आली. गाडीची वेळ झाली, असं तिनं मनगटावर बोट ठेवून दाखवलं. त्यानं तिला जवळ बोलावलं, खाटेपाशी बसवलं, आणि तिची बोटं लाकडावर ठेवली.

“असं,” तो म्हणाला. “जरा जलद. मधी थांबायचं न्हाय.”

“हे काय?” जुबैदा वैतागली, एवढं त्याला ओठांवरून कळलं. “गुमान झोपू दे की पोरीला.”

“ती अशीच झोपते, बुबू.”

जुबैदाचा हात कालवं फोडून राठ झालेला, पण ठोका तिला धरवेना. ती मध्येच थांबे, मध्येच दोनदा मारी, आणि जमिलाच्या कपाळाला आठी पडे. महमूदनं तिची बोटं आपल्या बोटांखाली घेतली आणि दाबून वाजवत राहिला. हळूहळू तिचा हात त्याच्या हाताबरोबर चालायला लागला. मग त्यानं आपला हात थोडा सैल केला, आणखी थोडा, आणि काढून घेतला. जुबैदा मान खाली घालून, ओठ आवळून, वाजवत राहिली. त्यानं पिशवी उचलली आणि चपला हातात घेऊन अंगणात आला. खिडकीतून त्यानं आत पाहिलं. जमिला झोपली होती. जुबैदाचा हात हलत होता. ठोका बरोबर पडतोय की नाही हे त्याला इथून ऐकू येत नव्हतं, म्हणून तो थोडा वेळ तिच्या हाताकडे बघत उभा राहिला, आणि मग चपला घालून गाडीच्या रस्त्याला लागला.